खुनाविना थरार

मराठी रहस्यकथेचा आढावा म्हटला की लोक बाबुराव अर्नाळकरांपासून सुरुवात करतात. झुंजार आणि काळापहाड कोण, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या त्या माणसाचे ऋण मान्यच आहे. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. नारायण धारपांनी अंगावर काटा आणला, तर रत्नाकर मतकरींनी तोच काटा चार भिंतींच्या मध्यमवर्गीय घरात रुजवला. हा रस्ता पुष्कळांनी तुडवलेला आहे, तेव्हा पुढे जाऊ.

माझा हट्ट जुना आहे. दोन मैत्रिणी, त्यांच्यामधले एक गुपित आणि ते सांभाळताना होणारी घुसमट, हा मराठीतला सर्वांत अस्सल थरार आहे. आपल्या समीक्षकांनी मात्र त्याला रहस्यकथेच्या कपाटात कधी जागा दिली नाही. ‘बायकांच्या गप्पांत कसला आलाय थरार?’ असे एका विद्वानांनी मला भर परिसंवादात विचारले होते. त्यांनी आमच्या उमरेडकडची भुलाबाई पाहिली नसावी. कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जमायच्या, गाणी म्हणायच्या आणि मग झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. गोड की तिखट? ओली की कोरडी? घरच्या पोरीच्या जिवलग मैत्रिणीने ती खिरापत दुपारीच चुलीवर पाहिलेली असे. ती मुद्दाम चुकीची नावे घ्यायची. ठाऊक असून न सांगणे, एवढ्यावर सगळा खेळ रंगायचा. चांगली मानसशास्त्रीय रहस्यकथा याहून वेगळे काय करते?

या धाग्याचे मूळ मी 1933 सालात धरतो. त्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि महाराष्ट्र हादरला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले, फार तर मैत्रिणीच्या कानात सांगायचे, ते थेट छापून आले. त्यावर लेखिका म्हणून छापलेली ही विभावरी शिरूरकर कोण, याचाच शोध सुरू झाला. बाई आहे की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष, इथवर तर्क गेले. खऱ्या लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, गप्प राहिल्या आणि प्रकाशक ह. वि. मोटेही. आज इटलीच्या एलेना फेरांतेचे खरे नाव काय, यावर आपली मंडळी हिरिरीने बोलतात. दोन मैत्रिणींवरची तिची कादंबरी 2011 सालची. टोपणनावाआडून बायकांचे अंतरंग उघडण्याचा हा डाव आपल्याकडे कितीतरी आधी खेळून झाला होता.

आणि मग तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’. 1981 साली ते रंगमंचावर आले, मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. कॉलेजातल्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, नमा या सहकलाकार मुलीच्या प्रेमात पडते. गोष्ट सांगतो बापू. तिचे गुपित त्याला ठाऊक असते, दोघींच्या भेटीसाठी तो स्वतःची खोली देतो. इथे ‘कोणी केले?’ हा प्रश्नच नाही. नमा कुणाची, बापू मित्र की बघ्या, आणि आता हे कुणाला कळले तर काय, या तीन टोकांत प्रेक्षक अडकतो. मी ते आधी पुस्तकरूपाने वाचले, इतवारी-नागभीड नॅरोगेज गाडीत. उमरेड आले तरी उतरायचे भान नव्हते, सोबतच्याने हात धरून उतरवले. समीक्षकांनी त्याला ‘समस्याप्रधान’ असे लेबल लावून बाजूला ठेवले. माझ्या मते तो मराठीतला पहिल्या प्रतीचा मनोथरार आहे.

रहस्यकथा बायका कशा वाचायच्या, तेही सांगून ठेवतो. शाळकरी असताना मी आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची पुस्तके वाचनालयातून आणून, त्यांची वाचून झाली की पलीकडच्या आळीतल्या त्यांच्या मैत्रिणीकडे पोचवीत असे. पुस्तकात हमखास एक घडी घातलेली चिठ्ठी असे. ‘उघडायची नाही बरं का, भाऊजी!’ अशी तंबी मिळे. मी कधी उघडली नाही. पण पुस्तकातल्या खुन्यापेक्षा त्या चिठ्ठीचे कुतूहल जास्त होते, हेही तितकेच खरे.

आता ती नॅरोगेजही नाही. 2019 साली ब्रॉडगेजसाठी बंद झाली. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने त्याआधीच गेली. हाती उरले ते ‘द गर्ल ऑन द ट्रेन’च्या वळणाचे अनुवाद आणि त्यांच्यावर बेतलेल्या मालिका. दर दहा पानांवर धक्का, प्रत्येक मैत्रीण विश्वासघातकी, आणि शेवटी उलगड्याचे लांबलचक भाषण. नवे लेखक म्हणतात, वाचकाला हेच हवे. वाचकाला विचारले कुणी? आशा बगे नागपुरात बसून बाईच्या मनातली न बोललेली गोष्ट पानोपानी धरून ठेवतात, आणि तेही वाचले जातेच की!

मराठी रहस्यकथा आटली, असे रडगाणे गाणाऱ्यांना म्हणूनच एवढे सांगणे आहे: या दिवाळीत ‘मित्राची गोष्ट’ रहस्यकथा म्हणून पुन्हा वाचा. आणि संपादकहो, पुढच्या वर्षीचा रहस्यकथा विशेषांक काढाल तेव्हा निम्मी पाने लिहित्या बायकांसाठी राखून ठेवा.