स्वादुपिंडाचा दाह: घरी परतल्यावर

स्वादुपिंडाच्या दाहाचा सौम्य झटका बहुधा आठवडाभरात ओसरतो. कारण पित्ताशयातील खडे असतील तर पित्ताशय काढतात. दारू असेल तर ती कायमची सोडावी लागते. तंबाखूही सोडायची असते, पण ती अनेकदा दुर्लक्षितच राहते. दाह जुनाट झाला की पाचकरस अपुरे पडतात. शौच तेलकट होते, वजन घटते, अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वे कमी पडतात. त्यावर विकरांच्या कॅप्सूल देतात. त्यातली विकरे डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. कॅप्सूल न चावता पहिल्या घासाबरोबर गिळायची. उपाशीपोटी घेतलेली वाया जाते. दोन भरपेट जेवणांपेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे सोसते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही नष्ट झाल्यास मधुमेह जडतो, म्हणून रक्तशर्करा दरवर्षी तपासतात.