तबेल्याचे दार घोड्याइतकेच पारखून घ्या

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात पाहतो, खूर उचलून पाहतो, भोवरे पाहतो, चार जाणकारांना विचारतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरवतो. तोच माणूस घरी आल्यावर त्या जनावराला अडीच फुटी दाराच्या खोलीत कोंडतो. नांदेड-लातूर रस्त्यावरची ही यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडा तेथून आणायचा असेल, तर दाराचे काम त्याआधीच हातावेगळे करावे, असे आमचे मत आहे.

शहरातून टांगे जवळपास गेले, पण वरातीची घोडी आणि हौशी लोकांचे घोडे राहिले आहेत. नांदेडला सचखंड गुरुद्वाराचे घोडे तर सर्वांच्या परिचयाचे. म्हणजे हे काम थोडे असले तरी आहे, आणि आमच्या सुतार व वेल्डिंगवाल्या बंधूंनी ते नीट शिकून घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट रुंदीची. दार चार फुटांपेक्षा कमी नको. घोडा बिचकून बाहेर धावला की अरुंद चौकटीवर त्याच्या कुल्ल्याचे हाड आपटते, आणि ते मोडले तर जनावर लंगडे होते. उंची साडेसात-आठ फूट ठेवावी. दार दोन भागांत करावे. खालचा भाग सव्वाचार-साडेचार फुटांचा, वरचा वेगळा. वरचा उघडा ठेवला की वारा खेळतो आणि घोड्याला बाहेरची वर्दळ दिसते. एकटा, अंधारात कोंडलेला घोडा दार चावू लागतो.

दार बाहेरच उघडले पाहिजे. यावर आम्ही जास्त भर देतो. घोडा दाराला टेकून आडवा पडला तर आत उघडणारे दार कोणालाच ढकलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कशा कोसळल्या, हे लातूरकरांना सांगायला नको. अशा भिंतीत चौकटीचे होल्डफास्ट धरत नाहीत. दार जड, त्यात घोड्याच्या लाथा. वर्षभरात चौकट हलू लागते. म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपचे खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडावेत आणि बिजागऱ्या त्यांनाच वेल्ड कराव्यात. भिंतीवर भार टाकूच नये. बोळ अरुंद असेल तर सरकते दार चालेल, मात्र रूळ वर हवा. खालच्या रुळात लीद आणि कडब्याचा चुरा अडकतो. खाली फक्त दार झुलू नये म्हणून एक अडणी पुरे.

लाकूड की लोखंड? नुसत्या पत्र्याचे दार स्वस्त पडते, पण लाथेने पत्रा फाटतो आणि त्याची धार सुरीसारखी पाय कापते. शिवाय मे महिन्यात नांदेडच्या उन्हात ते तव्यासारखे तापते. अँगलची चौकट आणि आतून दीड इंची लाकडी फळ्या, हा आमच्या मते सर्वांत बरा मेळ. खालच्या भागाच्या वरच्या कडेवर पत्र्याची पट्टी दुमडून बसवावी, म्हणजे लाकूड कुरतडले जात नाही. शिसे असलेला रंग लावू नये. गज लावले तर दोन गजांतील अंतर खूर शिरणार नाही इतके, म्हणजे दोन इंचांच्या आसपास असावे.

कड्या दोन हव्यात. घोडा ओठांनी वरची कडी काढायला लवकर शिकतो, म्हणून दुसरी अगदी खाली, त्याचे तोंड पोहोचणार नाही अशी. कुलूप मात्र लावू नये. कडब्याला आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो. कडीचे टोक आत डोकावत असेल तर कापून घासून घ्यावे. दार बसवल्यावर कारागिराने स्वतः आत उभे राहून फळ्यांवरून तळहात फिरवावा आणि जेथे टोचेल तेथे पुन्हा कानस चालवावी. मजुरीचा हिशेब त्यानंतर.