वटवट्याला नवे बेट देताना

हिंदी महासागरातल्या सेशेल्स द्वीपसमूहात कझिन नावाचे 29 हेक्टरचे बेट आहे. 1968 मध्ये सेशेल्स वटवट्या हा छोटा गाणारा पक्षी जगात फक्त तिथे उरला होता, तोही तीसपेक्षा कमी. आज तो पाच बेटांवर आहे. हे कसे साधले, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात झाडांपासून झाली. खोबऱ्यासाठी बेटभर माड लावलेले होते. 1968 मध्येच एका आंतरराष्ट्रीय पक्षिसंरक्षण संस्थेने बेट विकत घेतले, माड हटवले आणि पिसोनियासारखी मूळची झाडे वाढू दिली. वटवट्या पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपतो. पाने वाढली तसे किडे वाढले आणि पक्षीही.

मग बेट भरले. सुमारे 320 पक्ष्यांपुढे जागाच उरेना. कझिनी बेट जेमतेम दीड किलोमीटरवर, तरी हे पक्षी समुद्र ओलांडून सहसा जात नाहीत.

जागा नसलेली तरुण पाखरे, बहुधा माद्या, आईवडिलांच्या हद्दीतच राहून पुढचे पिल्लू भरवतात. त्यांना ‘मदतनीस’ म्हणतात. किडे भरपूर असतील तर ही मदत मोलाची. किडे कमी असतील तर तेच खाणारे एक जादा तोंड. मला सगळ्यात थक्क करते ते पुढचे: जोडीची मादी घरट्यात बहुधा एकच अंडे घालते, आणि चांगल्या हद्दीत त्यातून बहुतेकदा मादी निघते, कमी किड्यांच्या हद्दीत नर. नर सहसा मदतीला थांबत नाहीत.

यानंतर हलवाहलव. पक्षी बारीक जाळ्यात पकडून, ओळखीसाठी पायात रंगीत कड्या घालून 1988 मध्ये 29 पक्षी अरीड बेटावर नेले, 1990 मध्ये 29 कझिनीला. कझिनवर रिकाम्या झालेल्या जागा मदतनिसांनी काही तासांतच पटकावल्या.

गफलत बहुधा इथे होते: पक्षी नेण्याची घाई. बेटावर उंदीर-मांजरे असतील तर आणलेले पक्षी त्यांच्या तोंडी जातील. डेनिस बेटावर ती आधी संपवली, मगच 2004 मध्ये 58 पक्षी सोडले. पक्षी फार थोडे नेले तर पुढच्या पिढ्यांत आनुवंशिक विविधता, म्हणजे रक्तातले वेगळेपण, घटते. म्हणून 2011 मध्ये फ्रेगेट बेटावरही 59 नेले.

सोडल्यावर कड्या पाहत राहावे लागते. अरीडवर आरंभी मोकळी जागा मुबलक होती, म्हणून पाखरे आईवडिलांजवळ थांबलीच नाहीत. उत्तम हद्दी भरल्या, तेव्हा मदतनीस दिसू लागले.