रहाटाचें पान

उद्यांचें आज कळावें ही माणसाची हांव फार जुनी आहे. आपल्याकडे पहांटे पिंगळा येई, दारीं कुडमुड्या जोशी बसे, कोंकणांत देवळाचा गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल घेई. आणि ज्यांचा यांपैकीं कशावरच विश्वास नसे तेहि अडचण आली म्हणजे मागल्या दारानें कां होईना, तेथें जात. हल्लीं सुशिक्षित घरांतील मुलामुलींत ‘टॅरो’ नांवाच्या पत्त्यांची मोठी चहा आहे. पुतण्याभाच्यांच्या तोंडीं हा शब्द वरचेवर येऊं लागला, तेव्हां ही काय चीज आहे तें पाहावें असें आम्हांस वाटलें. आणि आमच्या थोरल्या वहिनींच्या निमित्तानें तो योगहि आला.

प्रथम या पत्त्यांची कुळकथा. भविष्य सांगण्यासाठीं ते जन्मास आलेच नाहींत. पंधराव्या शतकांत उत्तर इटलींतील दरबारांत हा एक खेळ होता. मिलानच्या ड्यूकांसाठीं सोन्याच्या वर्खावर रंगविलेलीं पानें अद्याप संग्रहालयांत आहेत. एकूण पानें ७८. पेले, नाणीं, तलवारी व काठ्या या चार रंगांचीं प्रत्येकीं १४, आणि वर २२ चित्रपानें हुकुमाचीं. तीनशें वर्षें लोक या पानांनीं डाव जिंकत व हरत होते. १७८१ सालीं कूर द जेबलँ या फ्रेंच पंडितानें हीं चित्रें म्हणजे प्राचीन इजिप्तचें गुप्त ज्ञान होय असें ठोकून दिलें. गंमत अशी कीं, इजिप्तची चित्रलिपि वाचण्याची किल्ली शांपोल्यों यास सांपडली ती १८२२ सालीं! पोथी कोणास वाचतां येत नव्हती तोंच तिचा अर्थ सांगून झाला होता. आज जीं चित्रें सर्वत्र दिसतात तीं १९०९ सालचीं, लंडनचीं. आर्थर वेट यांनीं कल्पना दिली व पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनें तीं काढिलीं.

आम्ही ज्या बाईंकडे गेलों त्या पुण्यांत राहतात, पण मूळच्या कोंकणांतल्या, चित्रकला शिकलेल्या. पत्त्यांचा सगळा जोड त्यांनीं स्वतः रंगविला आहे. पेल्यांच्या जागीं तांबे, नाण्यांच्या जागीं नारळ, तलवारींच्या जागीं कोयते, काठ्यांच्या जागीं वल्हीं. ‘मूर्ख’ नांवाच्या पानावर बोचकें घेऊन एस. टी.ची वाट पाहणारा चाकरमानी आहे. विजेनें कोसळणाऱ्या बुरुजाऐवजीं शेंडा जळालेला माड, उलट्या टांगलेल्या माणसाऐवजीं विक्रमाचा वेताळ, आणि भाग्यचक्राऐवजीं विहिरीवरचा रहाट. हें शेवटलें आम्हांस फारच आवडलें. रहाटगाडगें हा शब्द आपली भाषा संसारालाच लावते. राजाराणीचीं पानें मात्र साधलीं नाहींत. नारळाच्या राणीस नऊवारी नेसविली तरी चेहरा विलायतीच राहिला आहे.

वहिनींचें वय शहात्तर. आमचे बंधु अकरा वर्षांपूर्वीं वारले तेव्हांपासून त्या कोंकणांतील घरीं एकट्या राहतात. घर व वाडी विकून त्यांनीं पुण्यास नवव्या मजल्यावर राहावयास यावें, असें चिरंजीवांच्या मनांत होतें. कागद तयार होते. वहिनींची सही तेवढी राहिली होती. त्या पुण्यास आल्या असतां पुतणीनें गंमत म्हणून त्यांना या बाईंकडे नेलें, आणि आम्हीहि बरोबर गेलों.

“आजी, प्रश्न मनांत धरा,” बाई म्हणाल्या.

“मनांत कशाला? सांगतेंच. घर विकूं का?”

तीन पानें निघालीं. मागल्या काळाचें पान नारळांची छक्की. ओटीवर नारळ वांटणारी बाई. तुम्हीं पुष्कळांस दिलेंत, असा अर्थ. दुसरा वेताळ. काम अडून आहे, तुम्ही बोलत नाहीं, असें बाई म्हणाल्या. तिसरा रहाट: आतां चक्र फिरेल, बदल होईल, शुभ आहे.

वहिनींनीं चष्मा वर करून तें पान जवळ घेतलें. “मुली, चित्र सुरेख काढलें आहेस. पण बैल कोठें आहे? बैलावांचून रहाट फिरत नाहीं.” मग थोडें थांबून त्या म्हणाल्या, “आमच्याकडे बैल विकून पंप बसविला, तेव्हांहि मला कोणीं विचारलें नव्हतें. पंप चांगलाच निघाला. पण विचारलें नव्हतें.” आणि आमच्याकडे वळून, “भाऊजी, मला पुण्यास यायचें नाहीं असें नाहीं. पावसांत एकटीला भय वाटतें. पण घर विकून येणें निराळें, आणि कुलूप लावून येणें निराळें.”

बाईंनीं सांगितलेलें बहुतेक कोणासहि लागू पडलें असतें. १९४८ सालीं बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या ३९ विद्यार्थ्यांस स्वभाववर्णन म्हणून एकेक कागद दिला; प्रत्येकास तो आपलाच वाटला, आणि अचूकपणास त्यांनीं पांचापैकीं सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर सर्वांस एकच होता, व तोहि बाजारी ज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेला! तेव्हां पत्त्यांस कांहीं कळतें असें आम्ही मानीत नाहीं. परंतु मुलाकडे पाहून जें बोलवत नाहीं तें चित्राकडे पाहून बोलवतें, एवढें त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिलें. विलायती चक्र असतें तर वहिनींनीं बैल विचारला नसता.

बाईंनीं हजार रुपये घेतले. “गुरव नारळ नि सव्वा रुपया घेतो,” वहिनी जिना उतरतांना म्हणाल्या, “आणि होय कीं नाहीं तेवढेंच सांगतो.” त्यांचें माहेर सावंतवाडीचें. लहानपणीं त्या घरीं गंजिफा खेळत: चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेलीं, लाखेच्या रंगाचीं गोल पानें, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत, मिळून १२० पानें. दिवसा ज्याच्या हातीं राम तो डाव सुरू करी, दिवे लागल्यावर ज्याच्या हातीं कृष्ण तो. निघतांना त्यांनीं बाईंना विचारलें होतें, “ह्यांनीं खेळतां येतें का?” बाई हंसल्या आणि नाहीं म्हणाल्या. वास्तविक येतें, फ्रान्स व ऑस्ट्रियांत लोक टॅरो अजून खेळतात.

कागद सहीवांचून परत गेले. आषाढापासून चार महिने वहिनींनीं पुण्यास राहावें आणि सुपारीची बाग शेजाऱ्याकडे वांट्यानें द्यावी, असें ठरलें आहे. चिरंजीवांची नाराजी पुरती गेलेली नाहीं. पंपाची दुरुस्ती कोणीं करावयाची तेवढें ठरावयाचें आहे.