नव्या मालमोटारीचा अनुभव

गतवर्षी आमच्या पेढीने नवी मालमोटार घेतली. निपाणीहून ज्वारीची पोती भरून बेळगावी येताना, स्तवनिधीजवळच्या तवंदी घाटाच्या चढावर तिचे इंजिन तापून बंद पडू लागले. विक्रेता म्हणे, माल जास्त भरला. मीही जुन्या चालकासच बोल लावला. अखेरीस वजनकाट्याच्या पावत्या पुढे ठेवून विक्रेत्याच्या मिस्त्रीस भरल्या गाडीत शेजारी बसविले. घाटात गाडी थांबताच त्याने स्वहस्ते टिपण लिहिले. रेडिएटर सदोष निघाला व हमीच्या मुदतीत बदलून मिळाला. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आश्रय सहसा मिळत नाही, हे व्यापारीबंधूंनी जाणावे. आमच्या कामी आले ते कागदच. चालकाची क्षमा मागण्यास मात्र मला आणखी आठ दिवस लागले.