बुरा आलेल्या तांदळातलं औषध

तांदळाला बुरा आला की आपण हळहळतो आणि ते टाकून देतो. क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरची निळसर हिरवी बुरशी मात्र जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांच्या प्रयोगशाळेत पोचली. अकितातल्या शेतकरी घरात वाढलेल्या या माणसाचा तर्क साधा होता: शत्रूला रोखायला एखादी बुरशी त्याची कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रियाच बंद पाडत असेल. सुमारे ६,००० बुरश्या तपासून १९७३ साली कॉम्पॅक्टिन हाती आलं. तेच पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध! उंदरांवर ते चालेना, तेव्हा एन्डोंना अंडी देणाऱ्या कोंबड्या सुचल्या. अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही भरपूर असणार. कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं.

खरी गंमत पुढे आहे. स्टॅटिन रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, स्वतः उचलत नाही. ते यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन मंदावतं. मग टंचाईत सापडलेलं यकृत आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे जास्त रिसेप्टर उभे करतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आणि हीच स्टॅटिनची गोळी आशियाई शरीरात वेगळी वागू शकते. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनचा तोच डोस दिला, तर गोऱ्या रुग्णांपेक्षा आशियाई रुग्णांच्या रक्तात औषध साधारण दुप्पट चढतं. भारतीय वंशाच्या लोकांतही हे दिसलं आहे. औषधाला पेशींत आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांमधले आनुवंशिक फरक हे त्याचं एक कारण. म्हणून अमेरिकेत आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात. जपानच्या ‘मेगा’ चाचणीत प्राव्हास्टॅटिन दिवसाला फक्त १० ते २० मिलिग्रॅम होतं, तरी हृदयविकार सुमारे एक तृतीयांशाने घटला.

डोस कमी लागला म्हणून आपला धोका कमी आहे असं मात्र मुळीच नाही. ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरत्र ५९ च्या आसपास. त्यात हृदयाचा धोका वाढवणारा लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला घटक वारशाने येतो आणि पथ्याने फारसा हलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो सहसा नसतो.

घरात कुणाला तरुणपणी अटॅक आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए ची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्या. आणि चालू असलेली स्टॅटिनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.