मांजराच्या बंदिस्त बागेतील वनस्पती : लोकनामाचा भरवसा किती धरावा?

घरातील मांजर रस्त्यावरील वाहनांपासून व भटक्या कुत्र्यांपासून सुरक्षित राहावे, आणि तरीही त्याला ऊन, वारा व हिरवळ लाभावी, ह्या हेतूने गच्चीचा अथवा सज्जाचा काही भाग जाळीने बंदिस्त करून तेथे लहानशी बाग केली जाते. अशा बागेत कोणते झाड लावणे निर्धोक, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा व पशुवैद्यकाचा आहे. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणारा मनुष्य रोपवाटिकेत जातो तो एखादे नाव घेऊन. याद्या वाचतो त्या नावांच्या. शेजाऱ्याला विचारतो तेही नावानेच. नाव आणि वस्तू ह्यांचा संबंध कोठे विश्वसनीय असतो व कोठे फसवा, हा भाषाशास्त्राचा प्रश्न होय. आणि येथे त्याच्या उत्तरावर एका प्राण्याचे जीवित अवलंबून असते. म्हणून ह्या विषयाचा नामांच्या अंगाने विचार करणे उचित ठरेल.

१. बंदिस्त जागेचा विशेष

मोकळ्या फिरणाऱ्या मांजरापुढे अनेक वनस्पती असतात. बंदिस्त बागेतील मांजरापुढे मालकाने लावल्या असतील तेवढ्याच. जे समोर असेल ते ते हुंगते, कंटाळा आला की चावते. शिवाय मांजर आपले अंग सतत चाटून स्वच्छ करीत असल्याने केसांवर पडलेला परागसुद्धा त्याच्या पोटात जातो. ह्यात शरीररचनेची आणखी एक अडचण आहे. पुष्कळ परकीय द्रव्ये ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याची जी क्षमता इतर अनेक प्राण्यांच्या यकृतात असते, ती मांजरात फार दुबळी आहे. त्या क्रियेस लागणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे. म्हणून 'माणसाला चालते' किंवा 'कुत्र्याला बाधत नाही' हा दाखला मांजराच्या बाबतीत पुरेसा होत नाही. कोरफड हे ह्याचे नित्याचे उदाहरण. घरोघरी औषधी म्हणून मान्यता पावलेली ही वनस्पती मांजराने चावल्यास ओकाऱ्या व जुलाब होऊ शकतात.

२. एक नाव, अनेक वनस्पती

इंग्रजीतून मराठीत स्थिरावलेला 'लिली' हा शब्द प्रथम विचारात घ्यावा. लिलियम ह्या प्रजातीतील फुले, म्हणजे पुष्पगुच्छांतून येणारी मोठी सुवासिक लिली, मांजराला प्राणघातक आहेत. पान, पाकळी, पराग, इतकेच नव्हे तर ज्या पाण्यात फुले ठेवली ते पाणीही विषारी ठरते. आरंभी ओकाऱ्या होतात, मांजर खाणे सोडते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. हे विषद्रव्य नेमके कोणते, ते अद्याप निश्चित झालेले नाही व त्यावर उताराही नाही. पहिल्या अठरा तासांच्या आत पशुवैद्याकडून शिरेवाटे द्रव देण्याचे उपचार सुरू झाले तरच प्राण वाचण्याची आशा चांगली असते. 'डे-लिली' म्हणून ओळखली जाणारी हेमेरोकॅलिस वेगळ्या कुळातील असूनही हाच परिणाम करते.

ह्याउलट 'पीस लिली' आणि 'कॅला लिली' ह्या वस्तुतः लिली नव्हेतच. त्या अळूच्या कुळातील आहेत. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंडाची आग होणे, लाळ गळणे हा त्यांचा परिणाम त्रासदायक खरा, परंतु सहसा प्राणघातक नव्हे. इंग्रजीत 'ग्लोरी लिली' म्हटली जाणारी वेल म्हणजे आपली कळलावी. तिच्यात कॉल्चिसिन हे तीव्र विष आहे. अशा रीतीने एकाच नावाखाली त्रासदायक, विषारी व प्राणघातक अशा सर्व पायऱ्या एकत्र आल्या आहेत.

हा दोष केवळ परभाषेतील शब्दांचा, असे मानण्याचे कारण नाही. मराठीतील 'चाफा' पाहावा. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातील, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील, भुईचाफा आल्याच्या कुळातील, तर नागचाफा ह्या सर्वांहून निराळा. पांढरा चाफा तर मूळचा अमेरिकेतील, आणि कण्हेरीच्या कुळातील. त्याच्या फांदीतून निघणारा चीक दाहक असतो. ह्या पाचांना एकत्र आणणारे सूत्र सुगंधाचे आहे. लोकभाषेने वर्गीकरण केले ते नाकाने. आणि देवपूजेसाठी वा वेणीसाठी फूल निवडणाऱ्याला ते पुरेसेही होते. मांजरासाठी झाड निवडणाऱ्याला ते पुरेसे नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

३. 'तगर' : नावामुळे संभवणारी चूक

मांजराला धुंद करणाऱ्या काही वनस्पती प्रसिद्ध आहेत. कॅटनिप, जपानातील मातातबी ही वेल, आणि व्हॅलेरियनची मुळी ह्या त्यांपैकी होत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, शंभर मांजरांवरील एका अभ्यासात मातातबीला सुमारे ऐंशी टक्के, कॅटनिपला सुमारे दोन तृतीयांश, तर व्हॅलेरियनच्या मुळीला सुमारे निम्म्या मांजरांनी प्रतिसाद दिला.

आता व्हॅलेरियनला मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास 'तगर' हा शब्द हाती येतो, आणि तो चुकीचा नाही. काष्ठौषधींच्या दुकानात 'तगर' अथवा 'तगर गंठोडा' म्हणून मिळणारी मुळी हिमालयातील व्हॅलेरियनचीच असते. परंतु हाच शब्द घेऊन रोपवाटिकेत गेलेल्या मनुष्याला मिळते ते पांढऱ्या फुलांचे, दुधाळ चिकाचे तगरीचे झुडूप. ते कण्हेरीच्या कुळातील असून त्याच्या अंगी अल्कलॉइडे असतात. म्हणजे शब्द बरोबर, त्याचा अर्थही बरोबर, आणि तरीही हाती आलेली वस्तू अगदी उलट गुणाची, अशी ही स्थिती आहे. कोशातील प्रतिशब्दावर विसंबून मांजराच्या जाळीत तगरीचे रोप लावले जाणे ह्यामुळे सहज संभवते.

खोकली ह्या पावसाळी तणाचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. तिच्या मुळांकडेही मांजरे ओढली जातात. मराठी नाव खोकल्यावरील उपयोग सांगते. मलाय भाषेतील 'कुचिंग गालाक' हे नाव मांजराच्या उन्मादाकडे बोट दाखवते, कारण 'कुचिंग' म्हणजेच मांजर. संस्कृतातील 'हरितमंजरी' ह्या तिच्या नावात मात्र मांजराचा संबंध शोधू नये. 'मंजरी' म्हणजे तुरा. 'मांजर' हा शब्द 'मार्जार' ह्यापासून आला आहे. आणखी असे की, मांजराला आवडते म्हणून वनस्पती निर्धोक ठरत नाही. खोकलीत सायनाइड उत्पन्न करू शकणारे द्रव्य असते. कॅटनिपदेखील मांजराने फार खाल्ल्यास ओकारी होते. ते बेतानेच द्यावे.

४. जेथे लोकनाम खरे बोलते

लोकनामे सर्वत्र फसवी आहेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तांबडी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, ह्या दोन भिन्न प्रजाती. परंतु दोन्ही एकाच कुळातील आणि दोन्हींत हृदयाची क्रिया बिघडविणारी विषे आहेत. येथे नावाने जोडलेले नाते खरे आहे. 'कळलावी' हे नाव कळ लावणारी म्हणून धोका सूचित करते, तर त्याच वेलीचे इंग्रजी नाव केवळ वैभव सांगते. अळू 'खाजरे' असते, हे चिंच घालून ते शिजविणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आणि मनी प्लांट व डिफेनबाकिया ह्या अळूच्या आप्तांचा मांजराला होणारा त्रास नेमका ह्याच खाजेचा आहे. सारांश, परिणामावरून पडलेले नाव बहुधा विश्वसनीय असते. रूपावरून वा गंधावरून पडलेले नाव तपासून घ्यावे लागते.

रूपावरून पडलेल्या नावांची दोन उदाहरणे येथे पुरेशी होतील. 'सागो पाम' म्हणून विकला जाणारा सायकस हा पाम नव्हे. त्याचे बी विशेषेकरून विषारी असून यकृत निकामी करते. ॲरेका पाम हा खरा पाम, व तो निर्धोक. 'ॲस्परॅगस फर्न' हे नेचे नसून शतावरीचे भावंड आहे व त्याची फळे बाधतात. बॉस्टन फर्न हे खरे नेचे, आणि ते चालते.

५. निवड

वरील विवेचनानंतर प्रत्यक्ष निवड फारशी कठीण राहत नाही. चघळण्यासाठी कुंडीत पेरलेले गहू किंवा सातू उत्तम. गवती चहा मात्र नावात 'गवत' असूनही टाळावा, कारण त्याने पोट बिघडू शकते. शोभेसाठी स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न आणि ॲरेका पाम. कोरफडीसारखे रूप हवे असल्यास हॅवोर्थिया. सुगंधासाठी मोगरा, परंतु 'नाइट जास्मिन' ह्या नावाने मिळणारी रातराणी नव्हे, कारण ती धोतऱ्याच्या कुळातील विषारी वनस्पती आहे. सब्जा आणि गुलाब ह्यांचाही समावेश करता येईल. झाडांवर कीटकनाशक फवारलेले नसावे, आणि कांदा व लसूण ह्यांच्या कुंड्या जाळीबाहेर ठेवाव्यात. त्यांच्यामुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

रोप विकत घेताना तीन गोष्टी कराव्यात. पहिली, लोकनामाबरोबर शास्त्रीय नाव विचारून ते कुंडीवर लिहून ठेवावे. दुसरी, त्या शास्त्रीय नावावरूनच यादी पाहावी. न्यूयॉर्क येथे 1866 साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील प्राणिक्रूरता-प्रतिबंधक संस्थेची यादी ह्या कामी उपयोगी आहे, कारण तीत लोकनामासमोर शास्त्रीय नाव दिलेले असते. तिसरी, नाव निश्चित होत नसेल तर ते रोप जाळीच्या आत नेऊ नये. मांजराने काही खाल्ल्याचा संशय आल्यास पशुवैद्याकडे जाताना त्या झाडाची फांदी बरोबर न्यावी. नावाने झालेली गफलत वस्तू समोर असली म्हणजे दुरुस्त होऊ शकते. नुसते 'लिली खाल्ली' एवढे सांगून ती होत नाही.